तीर्थनचे पाणी आणि ट्राउटचा हंगाम

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. तुम्ही पलूसचे असून लहानपणापासून कृष्णेवर गळ टाकत आला आहात. गेल्या वर्षी फ्लाय रॉड घेऊन तुम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात पाच दिवस राहिलात. सकाळी आरामात नाश्ता करून अकराला नदीवर पोहोचायचे आणि अंधार पडेपर्यंत थांबायचे, असा क्रम ठेवूनही एकही ट्राउट लागला नाही. आता तुम्ही महिन्यागणिक कोणती माशी, म्हणजे गळावर पिसे-धागे बांधून केलेला नकली किडा, लावावी याचा तक्ता मागितला आहे आणि माश्यांचे आणखी दोन डबे विकत घ्यावेत का, असेही विचारले आहे.

माझ्या मते अडचण माश्यांच्या डब्यात नाही, आणि महिन्यात तर फारच थोडी आहे. कृष्णेचा ऋतू महिन्यांनी बदलतो, म्हणून आपल्याला पंचांग पाहून नदीवर जायची सवय असते. तीर्थनसारख्या बर्फाच्या पाण्यावर वाढणाऱ्या नदीत जूनमध्ये सकाळी एक ऋतू असतो आणि संध्याकाळी दुसरा. तुम्ही पाचही दिवस त्यातल्या चुकीच्या ऋतूत उभे होता. मी साताऱ्याचा. गेली अठरा वर्षे बहुतेक दर वर्षी वसंतात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा तीर्थनवर जात आलो आहे. दर खेपेला पाण्याचे तापमान, पातळी आणि रंग वहीत टिपून ठेवतो. पुढे जे लिहितो आहे ते त्या वह्यांवरून लिहितो आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. त्या हिवाळ्यात वर किती बर्फ पडले, तुम्ही खोऱ्यात खाली बंजार गावाजवळ उभे आहात की वरच्या अंगाला गुशैनी गावाच्या वर, आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला की नाही, यांवरून मी सांगेन तो काळ पंधरा दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकू शकतो. सैंज किंवा बरोटची ऊहळ या हिमाचलातल्याच दुसऱ्या नद्यांचे वागणेही तीर्थनसारखेच असेल असे नाही. म्हणून तक्ता देण्यापेक्षा तो मनात कसा मांडायचा, ते सांगतो.

सुरुवात माशापासून करू. हिमाचलातील ब्राऊन ट्राउट मूळचा इथला नाही. काश्मीरमध्ये तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्कॉटलंडमधून अंडी आणून वाढवला गेला आणि कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये माहिली येथे त्याचे बीजकेंद्र सुरू झाले. त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळू शकतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ. कऱ्हाडजवळ एप्रिलमध्ये मी कोयनेचे पाणी मोजतो तेव्हा तापमान पंचविशीच्या पुढे असते. त्या पाण्यात आपला मरळ सुखाने राहतो, कारण तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेऊ शकतो. ट्राउट मात्र तिथे जगणार नाही. ‘महाबळेश्वरजवळ ट्राउट का सोडत नाहीत?’ असे मला अनेक जण विचारतात. त्याचेही उत्तर यातच आहे. दक्षिणेत रेनबो ट्राउट निलगिरीच्या आणि मुन्नारच्या उंच ओढ्यांत टिकला, कारण ते डोंगर महाबळेश्वरहून कितीतरी उंच आहेत.

यावरून माझा पहिला नियम ठरला. नदीवर पोहोचल्यावर रॉड जोडण्याआधी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचा आणि तो तीन मिनिटे तसाच ठेवायचा. पाणी ६ अंशांच्या खाली असेल तर ट्राउट तळाशी दबून असतो. त्याची पचनक्रियाच मंद झालेली असल्याने घास अगदी तोंडासमोरून गेला तरच तो तोंड उघडतो. १० ते १६ अंशांत तो मनापासून खातो. १८ च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि २० च्या आसपास मी मासेमारी थांबवतो, कारण अशा पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी बहुधा वाचत नाही. उंचावरच्या तीर्थनवर ही वेळ क्वचित येते. खालच्या अंगाला, उन्हाळ्यात पाणी कमी झाले असेल तर मात्र येऊ शकते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पातळी, आणि तुमचा जून इथेच हुकला. दिवसा वरचे बर्फ वितळते आणि ते पाणी काही तासांनी खोऱ्यात उतरते. त्यामुळे पहाटे नदी सर्वांत कमी आणि सर्वांत स्वच्छ असते, तर दुपार कलल्यावर चढू लागते आणि रात्री उशिरापर्यंत चढलेली राहते. एका जूनमध्ये मी गुशैनीखालच्या एका खडकावर सकाळी सहाला पाण्याच्या रेषेला खडूने खूण केली होती. संध्याकाळी पाचला ती खूण पाण्याखाली वीतभर गेली होती आणि सकाळी ज्या पाण्यात गुडघ्याखालचे गोटे मोजता येत होते, ते राखेच्या पाण्यासारखे करडे झाले होते. त्या पाण्यात माशाला माशी दिसत नाही. वाढलेल्या धारेत जागेवर टिकून राहण्यातच त्याचा जोर खर्च होतो. तुम्ही अकराला जात होता, म्हणजे चांगले पाणी संपत आले असताना तुमचा दिवस सुरू होत होता. त्याच पाच दिवसांत पहाटे साडेपाच ते दहा या वेळेत नदीवर असता, तर निकाल वेगळा लागला असता असे मला खात्रीने वाटते.

आता वर्षाचा क्रम पाहू. हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते आणि १ मार्चला हंगाम उघडतो. मार्चमध्ये पाणी कमी, काचेसारखे आणि अतिशय थंड असते. अशा वेळी पहाटे जाण्यात काही अर्थ नाही. ऊन पाण्यावर येऊन दोन तास झाले की, म्हणजे साधारण बारा ते तीन, तेवढाच वेळ कामाचा. खोल डोहाच्या तळाशी वजनदार निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी बांधलेली माशी, अगदी सावकाश वाहू द्यायची. जूनची वेळ आणि मार्चची वेळ एकमेकींच्या बरोबर उलट आहेत, हे लक्षात ठेवा. महिन्याचा तक्ता नेमके हेच लपवतो.

एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा हा मला सर्वांत प्रिय काळ आहे, आणि नव्या माणसाने याच काळात जावे. पाणी ८–९ अंशांवरून १२–१३ पर्यंत चढत असते. बर्फाचे पाणी अजून जोरात सुटलेले नसते आणि नदीतले किडे मोठ्या संख्येने पंख फोडून बाहेर पडत असतात. कोणती माशी लावावी, याचे उत्तर या दिवसांत नदीच देते. काठाजवळ घोट्याइतक्या पाण्यात उतरून पंजाएवढा गोटा उचला आणि उलटा करा. त्याच्या ओल्या पाठीवर चपट्या अंगाचे, खेकड्यासारखे तिरपे सरकणारे, बहुधा तीन शेपट्यांचे जीव दिसतील. ते मेफ्लायचे बाल्यरूप. दोन जाड शेपट्यांचा, जरा धिप्पाड असेल तो स्टोनफ्लाय. आणि बारीक खडीची, बोटाच्या पेराएवढी नळी गोट्याला चिकटलेली असेल, तर तिच्यात कॅडिसची अळी आहे. वाळूचे कण स्वतःच्या लाळेच्या धाग्याने जोडून ती हे घर बांधते. यातल्या मेफ्लायच्या पाठीकडे नीट पाहा. पंखांचे कोष काळपट झाले असतील तर तो एक-दोन दिवसांत पृष्ठभागावर येणार आहे. अशा दिवशी दुपारी पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी हाताशी ठेवावी. कोष फिकट असतील तर निम्फच चालू ठेवावी. गोटा पुन्हा होता तसाच ठेवा, कारण त्याच्याखाली एक वस्ती आहे.

माझ्या डब्यात गेली कित्येक वर्षे सहाच प्रकार आहेत: फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन निम्फ, मणी लावलेल्या आणि बिनमण्याच्या, एल्क हेअर कॅडिस आणि अॅडम्स या दोन कोरड्या, पाण्याखाली ओढायचा एक काळा, केसाळ वूली बगर, आणि एक साधी, मऊ पिसाची ओली, म्हणजे पाण्याखाली वाहणारी माशी. गळ १२ ते १६ क्रमांकांचे. आणखी दोन डब्यांचे पैसे वाचवा आणि एक चांगला थर्मामीटर व पोलराइज्ड गॉगल घ्या. पाण्यावरची चमक गेली की तळ दिसतो आणि तळ दिसला की मासा कुठे असेल, हे हळूहळू कळू लागते.

मासा उभा कुठे राहतो, यालाही तापमानाइतकेच महत्त्व आहे. ट्राउट धारेकडे तोंड करून राहतो आणि शक्ती वाचेल पण खाणे समोरून वाहत येईल, अशी जागा धरतो: मोठ्या खडकाच्या पुढची उशी, खडकामागचे संथ पाणी, किंवा वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतात ती रेषा. कृष्णेच्या डोहात आपण आमिष टाकतो आणि मासा वासाने शोधत येईल म्हणून थांबतो. इथे मासा थांबलेला असतो आणि आपल्याला खालून वर, त्याच्या पाठीमागून, वाकून जावे लागते. आणि माशी पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचित जरी ओढले, तरी पृष्ठभागावर बारीक रेघ उमटते आणि मासा खाली बसतो. माझ्या अनुभवात नवख्याचे बहुतेक मासे या ओढीमुळे सुटतात. माशीचा रंग चुकल्यामुळे सुटणारे मासे फारच थोडे असतात. म्हणून लांब फेकण्याच्या मागे लागू नका. पंचवीस-तीस फुटांवरून, मधली वेगवान धार टाळून टाकलेली फेक तीर्थनवर पुरते.

मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर सांगितलेला पहाटेचा नियम चालतो. मृगात आपल्याकडच्या नद्या तांबड्या होतात, तेव्हा तिकडे मोसमी पाऊस पोहोचलेला नसतो. तो साधारण जूनच्या शेवटी पोहोचतो. बर्फाचे पाणी फारच असेल तर मुख्य नदी सोडून बाजूच्या लहान ओढ्यांकडे जावे. वरच्या पाणलोटात बर्फ कमी असलेला ओढा दुपारीही स्वच्छ राहतो.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध यांबद्दल मला एवढेच सांगायचे आहे की जाऊ नका. हंगाम कागदोपत्री उघडा असतो, परंतु २०२३ च्या जुलैमध्ये कुलू जिल्ह्यात बियास आणि तिच्या उपनद्यांनी काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुसरा उत्तम काळ येतो. पाऊस थांबतो, पाणी निवळते, आणि बर्फ नव्याने पडायला अवकाश असल्याने नदी दिवसभर एकसारखी राहते. आपल्याकडे पहिल्या पुरात मासे चढणीला लागतात, तसे ब्राऊन ट्राउट शरदात विणीसाठी वर सरकू लागतात. नर आपल्या जागेवर दुसऱ्याला येऊ देत नाहीत. अशा वेळी वूली बगर आडवा ओढत आणला, तर भुकेपेक्षा रागाने ते त्यावर धावतात. मोठे मासे मला याच दिवसांत लागले आहेत.

पण याच काळात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुमच्या हातून होऊ नये. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, एका उथळ उतारावर मी पाण्यातून चालत होतो. समोर नदीच्या तळात ताटाएवढा, आजूबाजूच्या शेवाळलेल्या खडीपेक्षा उजळ, नुकताच घासून काढल्यासारखा पट्टा होता. मी त्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात काठावर गवत कापणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्याने हाक मारून मला थांबवले. तो मादीने शेपटीने खडी उकरून केलेला अंड्यांचा खळगा होता. ती अंडी त्या खडीत सारा हिवाळा राहतात आणि माणसाच्या एका पावलाखाली त्यांतली कितीतरी चिरडतात. तेव्हापासून मी १५ ऑक्टोबरनंतर उथळ उतारांत पाय ठेवत नाही. काठावरूनच टाकतो आणि विणीच्या तयारीतले मासे दिसले तर ती जागा सोडून देतो. कायद्याची बंदी १ नोव्हेंबरला सुरू होत असली तरी माशाला ती तारीख ठाऊक नसते.

पकडलेला मासा सोडण्याबद्दल थोडेसे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. हात पाण्यात बुडवल्याशिवाय माशाला स्पर्श करू नका, कारण कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढा आणि तोंड धारेकडे करून तो स्वतःहून जाईपर्यंत आधार द्या. ट्राउट खायचाच असेल तर खोऱ्यात शेततळ्यांतला रेनबो ट्राउट विकत मिळतो. तो खावा.

परवाना मत्स्य विभागाकडून काढावा लागतो. जवळ बाळगावा आणि किती मासे, किती लांबीचे ठेवता येतात, हे तो घेतानाच विचारून घ्यावे. तीर्थनवर मोठे धरण नाही, हे त्या नदीचे भाग्य आहे. मात्र खाली लारजीला ती बियासला मिळते, तिथे आणि सैंजवर धरणे आहेत. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी बियासमध्ये वाहून गेले. कोयनेकाठी राहणाऱ्याला भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. परक्या मुलखात मात्र कोरड्या पडलेल्या पात्राला आपण भुलतो, म्हणून त्या भागात पात्रातल्या बेटांवर जाऊ नका.

शेवटचा मुद्दा सरावाचा. फ्लाय रॉड आणि आपला गळ यांत मूलभूत फरक असा की गळात शिसे दोरीला ओढत नेते आणि इथे दोरीच माशीला नेते. पाच या वजन-क्रमांकाच्या फ्लाय लाइनचे, म्हणजे या रॉडच्या जाड दोरीचे, पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात आणि मनगटाने नव्हे, तर थांबण्याने ते वजन पुढे जाते. मागच्या फेकीत दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबायला शिकणे हे तीर्थनवर पाच दिवसांत होत नाही. ते घरी करावे. मी दिवाळीनंतर, पाणी निवळले की, संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते तिथे संध्याकाळी तासभर उभा राहतो. बारीक कोरडी माशी पृष्ठभागावर टाकली की आळकूट तिच्यावर तुटून पडतात. एवढासा मासा असूनही ओढ लागलेली माशी तोही नाकारतो, त्यामुळे शिक्षक म्हणून तो ट्राउटपेक्षा कमी नाही. तुम्हाला सांगलीकडे हरिपूरला वारणेच्या संगमावर किंवा गावाजवळच्या एखाद्या बंधाऱ्याच्या खालच्या उथळ पाण्यात हेच करता येईल. जलाशयावर जाणार असाल तर मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे, ते आधी विचारा, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ मुळीच काढू नका.

माझा सल्ला असा: नोव्हेंबर ते मार्च कृष्णेवर आठवड्यातून दोनदा सराव करा आणि एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचे आरक्षण आताच करा. मंडीकडून मनालीला जाणाऱ्या बसने औटला उतरलात की तिथून बंजारची गाडी मिळते. पहिल्या दिवशी रॉड पिशवीतच ठेवा. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळा एकाच खडकाजवळ तापमान व पातळी टिपा, आणि पाच-सहा गोटे उलटून पाहा. ते तीन आकडे आणि गोट्यांखाली काय दिसले, एवढे मला त्याच रात्री कळवलेत, तर दुसऱ्या दिवशी किती वाजता आणि कोणती माशी घेऊन उतरायचे, ते मी साताऱ्यात बसूनही बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.